चार बोटं खाली

औंधच्या सिग्नलला परवा एका मोटारसायकलवाल्याने माझ्या गाडीच्या काचेवर टकटक केलं. मला वाटलं, पदर दारात अडकून बाहेर लोंबत असेल. काच खाली केली तर तो पोरगा म्हणाला, "काकू, कसली बसवलीये गाडी! स्प्रिंग कुठून घेतल्या?" आणि वर अंगठा दाखवला. मी छप्पन्न वर्षांची बाई, कॉलेजात भूगोल शिकवते, अंगावर सुती साडी, मागच्या सीटवर तपासायच्या पेपरांचा गठ्ठा. माझ्या तोंडून शब्द फुटायच्या आत सिग्नल सुटला, म्हणून तो वाचला.

असे अंगठे मला अधूनमधून मिळत असतात. गाडी लोअर करणं हा एक शौक आहे, हे मलाही पूर्वी ठाऊक नव्हतं. कंपनीने दिलेल्या स्प्रिंगा काढायच्या, आखूड घालायच्या, म्हणजे गाडी जमिनीला टेकल्यासारखी दिसते. ज्यांचे मणके अजून कोवळे आहेत अशी मुलं हे करतात. मी केलं ते माझ्या वडिलांसाठी. त्याचे जे परिणाम भोगले ते एकदाचे लिहून टाकायचे आहेत, कारण तोंडाने सांगायला लागले की माझा आवाज चढतो आणि ऐकणारा म्हणतो, "जाऊ द्या हो मॅडम." का जाऊ द्यायचं, ते मात्र कुणी सांगत नाही.

वडिलांना आम्ही दादा म्हणतो. त्यांची सगळी नोकरी खडकीला दारूगोळा कारखान्यात झाली आणि आमचं लहानपण कारखान्याच्या क्वार्टरमध्ये. नोकरीत असतानाच त्यांनी आणि त्यांच्या काही सोबत्यांनी मिळून वस्तीत विहार बांधला. बांधला म्हणजे वर्गणी देऊन नाव कोरून घेतलं असं नव्हे. सुट्टीच्या दिवशी घमेली उचलली, विटा भिजवल्या, छताला पाणी मारलं. तेव्हापासून रविवारी सकाळी विहारात वंदना सुरू व्हायची ती दादांच्या आवाजात. ते त्रिशरण घ्यायला लागायचे आणि मग बाकीचे त्यांच्या मागून. आमच्या घरात रविवार म्हणजे हेच, लग्न करून बाहेर पडले तरी माझ्या कानात रविवारचा आवाज तोच.

मग त्यांना अर्धांगवायूचा झटका आला. डावी बाजू गेली, जीभ जड झाली. उजवा हात तेवढा शाबूत राहिला. आई त्याआधीच गेली होती, म्हणून मी त्यांना माझ्याकडे आणलं, औंधच्या पलीकडे आमची सोसायटी आहे तिथे. नवरा नोकरीसाठी सोलापूरला, जमेल तसा येतो. मुलगी बंगळूरला. घरात मी आणि दादा.

आमची गाडी उंच. घेताना ज्याला विचारावं तो म्हणाला होता, पुण्यात उंचच गाडी घ्या, खड्ड्यांना बरी पडते. कुणी असं नाही म्हणालं की एक दिवस तुमच्या वडिलांना व्हीलचेअरवरून तिच्यात बसायचं असेल, आणि गाडीची सीट व्हीलचेअरपेक्षा एवढी वर असेल की त्यांना स्वतःहून तिथे पोचताच येणार नाही. पहिल्या रविवारी मी आणि वॉचमन, दोघांनी काखेत हात घालून त्यांना वर चढवलं. सदरा वर सरकून पोट उघडं पडलं, चप्पल निघून खाली पडली, आणि पार्किंगमध्ये गाड्या धुणारे दोघं फडकी हातात धरून बघत राहिले. विहाराशी उतरवताना पुन्हा तेच, फक्त बघणारी माणसं ओळखीची.

घरी आल्यावर दादा म्हणाले, "पुढच्या रविवारी नको."

"का हो दादा?"

त्यांना शब्द जुळवायला वेळ लागतो. मी थांबले. "मला उचलू नका," ते म्हणाले. "उचलतात ते मेल्यावर."

त्यानंतर दर रविवारी ते अंघोळ करायचे, पांढरा सदरा घालायचे आणि बाल्कनीत बसून राहायचे. वर्तमानपत्र मांडीवर, पण पान उलटलेलं मी कधी पाहिलं नाही. मला ते बघवत नव्हतं. मी स्वयंपाकघरात भांडी उगाच आपटायची.

सल्ले मात्र भरपूर मिळाले. रिक्षाने न्या. रिक्षात पाय वर घ्यावा लागतो आणि आत पाठीला धरून ठेवणारं काही नसतं, हे रोज रिक्षाने फिरणाऱ्यांनाही सुचत नाही. बुटकी गाडी घ्या. तिच्यात बसता येतं, पण सीट इतकी खाली की दादांना उठता यायचं नाही, म्हणजे उचलणं आलंच. एका शेजाऱ्याने सांगितलं, मोबाइलवर वंदना लावून द्या, घरबसल्या होते. त्या गृहस्थाशी मी अजून बोलत नाही.

उपाय दादांनीच काढला. मी त्यांना पार्किंगमध्ये फिरवत होते. त्यांनी व्हीलचेअर गाडीच्या उघड्या दाराशी थांबवायला सांगितली आणि उजवा पंजा आडवा धरून दोन सीटांमधलं अंतर बघितलं. व्हीलचेअरवर जाड गादी घातलेली होती, तरी त्यांचा पंजा अंगठा सोडून पुरा त्या फटीत मावला. "चार बोटं," ते म्हणाले. "चार बोटं खाली आली तर मी सरकेन. एकटा."

नाना पेठेत एक गॅरेज आहे, तिथे असली कामं होतात असं कॉलेजच्या मुलांकडून कळलं. त्यांनी ज्या उत्साहाने पत्ता दिला तो आठवला की अजून लाजायला होतं. गॅरेजवाला मला बघून म्हणाला, "मुलगा नाही आला?" मी म्हटलं, मला मुलगा नाही, आणि गाडी माझी आहे. चार बोटांचं सगळं समजावून सांगितलं. त्याने मान डोलावली, आणि म्हणाला, "होऊन जाईल. लुक काय येईल बघा! सायलेन्सर पण बदलायचा का, जरा आवाज येईल?" गाडी परत घेताना बघते तर मागच्या काचेवर ज्वाळांचं स्टिकर. "आपल्याकडून फ्री," तो म्हणाला. ते खरवडायला माझा एक अख्खा रविवार गेला आणि एका ज्वाळेचं टोक अजून काचेवर आहे.

पण गाडी खाली आली होती. व्हीलचेअर दाराला लावली, दोन्ही सीटांवर मिळून एक गुळगुळीत फळी टेकवली. दादांनी उजव्या हाताने दाराच्या वरची मूठ पकडली आणि थोडे थोडे सरकत फळीवरून गाडीत गेले. मी हात पुढे केले होते, ते त्यांनी डोळ्यांनीच मागे घ्यायला लावले. मग मी फक्त त्यांचे पाय आत ठेवले. "झालं," ते म्हणाले, आणि समोर बघत बसले, जसं काही रोजच बसतात. माझे डोळे भरून आले होते. मी डिकी उघडून व्हीलचेअर ठेवायला मागे गेले आणि तिथे जरा जास्तच वेळ घालवला.

विहाराला तीन पायऱ्या होत्या. आम्ही पोचलो तर पायऱ्यांच्या कडेने सिमेंटचा उतार तयार. कुणाला सांगितलं नव्हतं, कुणी अर्ज मागितला नव्हता. दादा येणार एवढं विहारातल्या माणसांच्या कानावर गेलं होतं, बस. त्या रविवारी दादांनी वंदना सुरू केली. शब्द जड येत होते, काही तर ओळखूही येत नव्हते, पण त्यांच्या मागून म्हणणारे सगळे त्यांच्यासाठी सावकाश झाले. पुढच्या रविवारपासून दादा गाडीत बसल्याबरोबर तोंडातल्या तोंडात सराव सुरू करायचे. पार्किंगपासून खडकीपर्यंत पुटपुटत, अडलेला शब्द परत परत घोळवत. शाळेत पाठांतर असलं की मी असंच करायची.

इथे खरं तर गोष्ट संपायला हवी होती. पण गाडी आता पुण्याच्या रस्त्यावर चालवायची होती.

लोअर केलेली गाडी कशी चालते ते सांगते. रस्त्यावर पडलेलं विजेचं बिल तुडवलं तरी रक्कम मणक्याला कळते. पूर्वी जे खड्डे मी खड्डे समजत होते ते किरकोळ होते. पूर्वी जो रस्ता मी चांगला समजत होते तो रस्ताच नव्हता. आणि स्पीडब्रेकर! शाळेपुढे असावा, दवाखान्यापुढे असावा, समजू शकते. पण आपल्याकडे ज्याच्या दारापुढे डांबर उरलं त्याने तिथे ओतलं. कुठे पांढरे पट्टे नाहीत, कुठे उंचीला धरबंध नाही. भूगोल शिकवण्यात माझी हयात गेली, पण औंध ते खडकी या पट्ट्यात एवढ्या टेकड्या आहेत हे मला गाडीचं पोट घासायला लागल्यावर समजलं. दादांना हादरा बसू नये म्हणून मी प्रत्येक ठिकाणी गाडी जवळजवळ थांबवून, तिरकी घालून न्यायची. मागचे भोंगे वाजवायचे. वाजवू देत.

बोपोडीच्या चौकात एकदा ट्रॅफिक पोलिसाने अडवलं. "गाडी खाली का केली? नियमात बसतं का हे?" मी शेजारी बसलेले दादा दाखवले, फळी दाखवली, डिकीतली व्हीलचेअर दाखवली. त्याने सगळं नीट बघितलं, दादांना नमस्कारही केला, आणि जाताना मला म्हणाला, "ठीक आहे. पण मुलाला सांगा, असले शौक बरे नाहीत." मला मुलगा नाही हे मी या शहरात किती जणांना सांगू?

तरी हे सगळं मी गिळलं असतं. जे गिळता आलं नाही ते आमच्या सोसायटीच्या गेटात होतं.

गेटाच्या अगदी आत, भिंतीपासून भिंतीपर्यंत, काँक्रीटचा एक स्पीडब्रेकर होता. पार्किंगची फरशी करताना माल उरला तेव्हा चेअरमननी उभं राहून तो करून घेतला होता. उंची त्यांच्या मर्जीची. उंच गाड्यांना त्याचं काही नाही. माझी गाडी रिकामी असली तर कशीबशी पलीकडे जायची. पण मी, दादा आणि डिकीत व्हीलचेअर असलो की गाडी आणखी दबायची आणि पोट त्यावर बसायचं. पहिल्या खेपेला नुसतं घासलं, दुसऱ्या खेपेला असा आवाज आला की दादांच्या तोंडातला शब्द तिथेच तुटला. सायलेन्सर फाटला होता. गॅरेजवाल्याने खाली वाकून बघितलं आणि बजावलं, "पुढच्या वेळी ऑइल चेंबर फुटेल मॅडम, मग गाडी जागेवर बंद." तिरकी घालायला गेटाला तेवढी रुंदी नव्हती.

म्हणजे काय झालं ते बघा. दादांना गाडीत चढता यावं म्हणून मी गाडी खाली केली, आणि गाडी खाली केली म्हणून दादांना गेटाच्या आत गाडीत बसणंच बंद झालं. रिकामी गाडी पलीकडे न्यायची, मग व्हीलचेअर मागे कलती करून त्यावरून चढवायची. ती चढताना दादा आभाळाकडे तोंड करून मागे कलंडायचे आणि उजव्या हाताने हवेत काहीतरी धरायला बघायचे. मग गेटाबाहेर रस्त्यावर गाडीत बसायचं. बाहेरचा रस्ता उतरता, व्हीलचेअर घसरते, फळी वाकडी बसते. दोनदा तर शेवटी वॉचमनने त्यांना उचललं. त्या दोन्ही रविवारी दादा जाताना पुटपुटले नाहीत आणि येतानाही बोलले नाहीत. मला कळत होतं की असंच चाललं तर ते पुन्हा बाल्कनीत बसणार.

मी कमिटीकडे गेले. एवढंच मागितलं की तो स्पीडब्रेकर थोडा घासून उतरता करा, खर्च माझा. चेअरमन मोठे अदबीचे. "बसा ना मॅडम. चहा?" आणि मग, "असं आहे, एकासाठी केलं की सगळ्यांसाठी करावं लागतं." मी विचारलं, सगळ्यांसाठी केलं तर बिघडेल काय? ते हसले. सेक्रेटरी शेजारी बसले होते. आम्ही राहायला आलो त्या दिवशी "मूळचे कुठले आपण?" असं मला विचारणारे हेच. मी खडकी म्हटल्यावर, "नाही, पण मूळचे?" आणि रविवारी कुठे जाता म्हणून विचारल्यावर मी विहारात सांगितलं तेव्हा एक लांब "अच्छा" म्हणणारेही हेच. ते म्हणाले, "गाडीत बेकायदा बदल आपण केलाय. कंपनीची उंची ठेवली असती तर प्रश्न आला असता का? आणि आजोबांना गेटाबाहेर बसवण्यात हरकत काय आहे? तेवढीच मोकळी हवा."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी काहीबाही बोलले. काय बोलले ते आठवत नाही, पण चहा तसाच राहिला.

उत्तर चार दिवसांनी मिळालं, पाटीवर. या शहरात माणसाच्या तोंडावर बोलायचं धैर्य नसलं की पाटी लावतात. गेटाशी, निळ्यावर पांढऱ्या अक्षरांत: "खाली बसवलेली वाहने आपल्या जबाबदारीवर आत आणावीत. तक्रार चालणार नाही." सोसायटीत खाली बसवलेलं वाहन एकच. नावच लिहिलं असतं तर रंग कमी लागला असता. दादांनी व्हीलचेअरवरून ती पाटी पूर्ण वाचली, मग माझ्याकडे बघितलं. तो क्षण मी त्या कमिटीला कधी माफ करणार नाही.

मग गणपती आले. आमच्या सोसायटीची मूर्ती कसब्यातून येते, मोठी, मातीची, सुरेख. त्या वर्षी ती आणायला एक सजवलेला रथ भाड्याने घेतला होता. रथ म्हणजे लहान चाकांचा बुटका गाडा, त्यावर कमान, महिरप आणि फुलं. ढोल वाजतायत, मुली फेटे बांधून लेझीम खेळतायत, मीही कडेला उभी. मूर्तीशी माझं भांडण नाही. माझी मुलगी याच मांडवात दरवर्षी नाचली आहे आणि मोदक मी हक्काने मागून खाते. रथ गेटात आला आणि स्पीडब्रेकरवर चढताना खर्रकन आवाज झाला. गाडा मधोमध अडकला. मूर्ती किंचित हलली. बायका किंचाळल्या, चार पुरुषांनी धावत जाऊन तिला धरलं, आणि चेअरमनचा आवाज माझ्या कानावर आला, "फोडा तो. आत्ताच्या आत्ता फोडा."

ड्रिल मशीन आलं. ढोल थांबले होते आणि मशीन चालू होतं. जो स्पीडब्रेकर एकासाठी हलवता येत नव्हता तो चहा प्यायला लागतो तेवढ्या वेळात फुटला. सेक्रेटरी स्वतः घमेल्यातून तुकडे बाजूला टाकत होते, पांढऱ्या झब्ब्यात, घामाघूम. आणि मी तिथे उभी राहून बघत होते. मूर्तीला धक्का लागू नये म्हणून धावलेल्या त्या माणसांनी माझ्या बापाला आभाळाकडे तोंड करून कलंडताना रविवारमागून रविवार पाहिलं होतं. एकालाही मशीन आठवलं नव्हतं.

गणपतीतल्या रविवारी आम्ही निघालो. दादा पार्किंगमध्येच सरकत गाडीत बसले, पुटपुटायला लागले. गेटाजवळ आल्यावर त्या आवाजाच्या धास्तीने त्यांनी मूठ घट्ट धरली. गाडी नुसती थोडी खडबडली आणि बाहेर पडली. त्यांनी मान वळवून मागे बघितलं.

"काढला?"

"हो दादा."

"माझ्यासाठी?"

मी वाहतुकीत बघत होते. नाही म्हणायला तोंड उघडलं, आणि त्यांचा चेहरा दिसला. त्या चेहऱ्यासमोर रथाची गोष्ट सांगायची हिंमत माझ्यात नव्हती. मी काहीच बोलले नाही आणि त्यांनी ते हो समजून घेतलं.

परत येताना चेअरमन गेटाशी मांडवाच्या माणसांशी बोलत होते. दादांनी गाडी थांबवायला लावली, काच खाली करायला लावली. त्यांना दोन हात जोडता येत नाहीत. त्यांनी उजवा हात कपाळापर्यंत नेला आणि एकेक शब्द जुळवून म्हणाले, "तुम्ही... माझ्यासाठी... फार केलं." मला वाटलं, आता तरी हा माणूस ओशाळेल. चेअरमन क्षणभर गडबडले. आजूबाजूला माणसं होती, सगळी ऐकत होती. मग ते गाडीवर वाकून गोड आवाजात म्हणाले, "अहो आजोबा, आभार कसले? तुमच्यासाठी एवढं तर करायलाच हवं."

मी स्टिअरिंग इतकं आवळलं होतं की हातावर वळ उठले.

विसर्जन झालं आणि पुढच्याच शनिवारी सोसायटीच्या ग्रुपवर संदेश आला. गेटातला गतिरोधक उद्या सकाळी पूर्ववत करण्यात येईल, सर्वांनी वाहने बाहेर लावून सहकार्य करावे. पूर्ववत! मी तो संदेश पुन्हा पुन्हा वाचला. आता दादांना काय सांगायचं? की तो तुमच्यासाठी काढलाच नव्हता? की ज्याचे तुम्ही आभार मानलेत त्याने ते दिवसाढवळ्या लुबाडले? स्पीडब्रेकरचं मी कसंही निभावलं असतं. पण हे कळल्यावर दादा त्या गेटातून परत कधी बाहेर पडले नसते, हे मला स्वच्छ दिसत होतं.

रविवारी सकाळी निघालो तेव्हा गेटाशी वाळू आणि सिमेंटची पोती होती. दादांनी पाहिली. परत आलो तोवर काम झालं होतं. भिंतीपासून भिंतीपर्यंत नवाकोरा, ओला, चकचकीत स्पीडब्रेकर, पहिल्याहून चांगला गलेलठ्ठ. गवंडी थापी धूत होता. वॉचमनने हात आडवा केला. चेअरमन माझ्या काचेशी आले.

"मॅडम, संदेश वाचला ना? आज गाडी बाहेर."

मी म्हटलं, "आणि वडील?"

"त्यात काय," ते म्हणाले. "आमची मुलं आहेत ना. आजोबांना अलगद उचलून पलीकडे ठेवतील."

दादांनी ते ऐकलं. त्यांचा हात मुठीवर गेला. ते माझ्याकडे बघून एवढंच म्हणाले, "उचलू नको म्हणावं."

मी पहिला गिअर टाकला. चेअरमन बाजूला झाले, कारण त्यांना वाटलं मी गाडी मागे घेतेय. पुढची चाकं ओल्या मालात शिरली आणि तळाला टेकली. मग गाडीचं पोट लागलं. इतके दिवस मी ज्या आवाजाला घाबरत होते तो आलाच नाही. नुसतं थापीने घोटल्यासारखं झालं. माझ्या लोअर केलेल्या गाडीने तो अख्खा उंचवटा आपल्या मापाने खरवडून काढला आणि मागची चाकं बाहेर आली. मागे आरडाओरडा सुरू झाला होता. मी शांतपणे आमच्या जागेवर जाऊन गाडी लावली. खोटं कशाला सांगू, गेल्या कित्येक वर्षांत मला इतकं बरं वाटलं नव्हतं.

चेअरमन धावत आले, मागून सेक्रेटरी, गवंडी, वॉचमन आणि कठड्यांवरून बघणारी निम्मी सोसायटी. चेअरमन लालबुंद झाले होते. त्यांनी माझ्यावर बोट रोखलं आणि तोंड उघडलं, तेवढ्यात दादांनी आपली काच खाली केली. त्यांचा हात कपाळाशी गेला.

"खड्डा... भरून घेतलात," ते म्हणाले. "फोडलेलं... टोचत होतं. माझ्यासाठी... परत त्रास."

बोट हवेतच राहिलं. सगळे बघत होते. आठवड्यापूर्वी याच गेटाशी, अशाच माणसांसमोर, चेअरमननी ते आभार खिशात घातले होते. आता ते परत कसे करणार? मी फक्त त्यांच्याकडे बघत राहिले आणि वाट बघितली.

"हो आजोबा," शेवटी चेअरमन म्हणाले. मग गवंड्याकडे वळून, "राहू दे तसंच. कडा घोटून घे."

ते तसंच वाळलं. आज सोसायटीतल्या सगळ्या गाड्या माझ्या चाकोरीतून आतबाहेर करतात, चेअरमनची सुद्धा. नंतर कधीतरी सर्व्हिसिंगला गाडी वर उचलली तेव्हा गॅरेजवाला खालून ओरडला, "मॅडम, पोटाला सिमेंट कसलं चिकटलंय?" मी म्हटलं, असू दे. पाटी मात्र अजून गेटाशी आहे. तिच्यावरची धूळसुद्धा कुणी पुसत नाही.

रविवारी आम्ही निघतो. दादा पार्किंगमध्ये पुटपुटायला लागतात आणि गेट येतं तरी त्यांचा शब्द तुटत नाही. चेअरमन त्या वेळी फिरून परत येत असतात. त्यांना बघितलं की दादा मूठ सोडतात आणि हात वर करतात, आणि तेही मोठ्या मानाने हात वर करतात. माझा राग गेला का? नाही गेला. दादांना एकच हात राहिलाय, आणि तो ते दर रविवारी या माणसासाठी उचलतात.